फिल्म रोलरवर घसरते, ओरखडे पडतात, पुसले की थांबते आणि महिन्याने पुन्हा तेच

आमच्या स्लिटर-रिवाइंडरवर (फिल्मचा मोठा रोल उलगडून, कापून पुन्हा गुंडाळणारे मशीन) हा त्रास आठ महिने चालला. माल साधा: ५० मायक्रॉनची पॉलिथिलीन फिल्म, १.२ मीटर रुंद, टेन्शन १२० न्यूटन. मशीन ६० मीटर प्रतिमिनिटाने चालवले की काही तक्रार नाही. १५० वर नेले की रोलमध्ये लांबीच्या दिशेने केसासारखे बारीक ओरखडे. उजेडाकडे तिरके धरल्याशिवाय दिसत नाहीत, पण छपाईला गेल्यावर लगेच उठून दिसतात आणि माल परत येतो.

तक्रार आली की ठरलेला उपचार व्हायचा. सगळे रोलर स्पिरिटने पुसायचे, एक दिवस वेग कमी ठेवायचा, मग हळूहळू वाढवायचा. दोन-तीन दिवसांत ओरखडे गायब. तीन आठवडे शांतता, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. रोलर घाण होतात आणि पुसले की बरे होतात, हे सगळ्यांच्या डोक्यात इतके पक्के बसले होते की पुसल्यानंतर बरे व्हायला दोन-तीन दिवस का लागतात, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. मीही नाही. घाणच कारण असती तर पुसल्यावर पहिल्याच रोलला फरक दिसायला हवा होता.

घसरतोय तो कुठला रोलर?

ओरखडा म्हणजे फिल्म आणि रोलर यांच्या वेगात फरक आहे, एवढेच सिद्ध होते. कुठल्या रोलरवर, ते ओरखडा सांगत नाही. फिल्मच्या कुठल्या बाजूला ओरखडे आहेत हे पाहिले की निम्मे रोलर यादीतून जातात, कारण प्रत्येक रोलर एकाच बाजूला टेकतो. उरलेल्यांसाठी मशीन बंद असताना प्रत्येकाच्या टोकाला चमकणाऱ्या टेपचा छोटा तुकडा लावला आणि चालू मशीनवर लांबून लेझर टॅकोमीटरने फेरे मोजले. (चालत्या रोलरला हात, फडके, पट्टी, काहीही लावायचे नाही. निपमध्ये, म्हणजे एकमेकांवर दाबलेल्या दोन रोलरच्या फटीत, बोट गेले तर मशीन थांबेपर्यंत हातही गेलेला असतो.)

हिशेब सोपा आहे. रोलरचा व्यास ८० मिमी, म्हणजे परीघ २५१.३ मिमी. १५० मीटर वेगाला तो मिनिटाला ५९७ फेरे फिरायला हवा. बाकीचे आयडलर (मोटर नसलेले, फिल्मच फिरवते ते रोलर) ५९४ ते ५९८ च्या दरम्यान होते. सातवा रोलर ५६० दाखवत होता. सहा टक्के मागे. सहा टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण त्या वेगाला याचा अर्थ दर सेकंदाला फिल्म त्या रोलरवरून सुमारे १५ सेंटीमीटर घासत जाते. रोलरवर धुळीचा एक कण चिकटलेला असला तरी ओरखडा पुरेसा लांब पडतो.

इथे एक सावधगिरी. व्यास व्हर्नियरने स्वतः मोजा, ड्रॉइंगवरचा घेऊ नका. ८० मिमीच्या रोलरवर १ मिमीची चूक म्हणजे सव्वा टक्का, आणि तेवढ्यावरून चांगल्या रोलरवर आळ येऊ शकतो. उलट बाजूनेही फसायला होते. ड्राइव्ह रोलरच्या (मोटरने फिरणाऱ्या रोलरच्या) आधी आणि नंतर टेन्शन वेगळे असेल तर फिल्मचा ताण बदलतो आणि तिचा वेगही किंचित बदलतो. रोलरवरच्या लपेटीच्या (फिल्म रोलरला जेवढी वळसा घालून टेकते त्या भागाच्या) शेवटच्या भागात तेवढ्यापुरते बारीक सरकणे होतेच होते. लवचीक पट्टा आणि रोलर यांच्यात ते कायमचेच, त्याला घसरणे म्हणत नाहीत. काही दशांश टक्के फरक दिसला म्हणून रोलर बदलायला धावू नका.

रोलर फिल्मला पकडतो तो किती जोराने?

खांबाला दोराचे दोन वेढे दिले की एका हाताने मोठा भार रोखून धरता येतो, हे सगळ्यांनी पाहिलेले असते. त्यामागचे सूत्र ऑयलर-आयटेलवाइन या नावाने ओळखतात: रोलर न घसरता दोन बाजूंच्या टेन्शनचे गुणोत्तर जास्तीत जास्त किती राहू शकते, ते घर्षण गुणांक आणि लपेट कोन यांच्या गुणाकारावर ठरते, तेही घातांकाने. गुणांक ०.२५ आणि लपेट १८० अंश असेल तर गुणोत्तर २.१९ पर्यंत जाते. लपेट फक्त १० अंश असेल तर १.०४५ पर्यंतच.

आमच्या सातव्या रोलरवर लपेट होती बरोबर १० अंश. फिल्म त्याला नुसती शिवून पुढे जात होती. १२० न्यूटनचे साडेचार टक्के, म्हणजे साधारण ५.३ न्यूटन. फिल्म त्या रोलरला फिरवण्यासाठी यापेक्षा जास्त जोर लावूच शकत नाही. बेअरिंग याहून जास्त अडवत असेल तर फिल्म पुढे जाणार आणि रोलर मागे राहणार.

गुणांक ०.२५ कुठून आणला? तक्त्यातून घेतला नाही, त्याच रोलरवर मोजला. मशीन बंद, रोलर फिरणार नाही असा बांधला. फिल्मची ५ सेंटीमीटर रुंद पट्टी कापून रोलरवरून दोन्ही बाजूंना खाली सोडली, म्हणजे लपेट १८० अंश. एका टोकाला २०० ग्रॅमचे वजन, दुसऱ्या टोकाला स्प्रिंग बॅलन्स. हळू ओढत गेलो आणि पट्टी सरकायला लागली तेव्हा काटा ४४० वर होता. गुणोत्तर २.२, त्याचा नैसर्गिक लॉगरिदम ०.७९, भागिले ३.१४. उत्तर ०.२५. पाच मिनिटांचे काम. फिल्मच्या कागदपत्रांत घर्षण गुणांक छापलेला असतो तो बहुतेक वेळा फिल्मवर फिल्म घासून काढलेला असतो. एएसटीएम डी १८९४ या चाचणीत २०० ग्रॅमचे स्लेड (सपाट घसरता ठोकळा) मिनिटाला १५० मिमी वेगाने ओढतात. तुमच्या रोलरच्या पृष्ठभागाबद्दल तो आकडा काही सांगत नाही.

मग ६० ला ठीक आणि १५० ला नाही, असे का?

कारण हवा. फिल्म आणि रोलर दोघेही चालताना आपल्या अंगाला चिकटलेली हवा पाचरीसारख्या फटीत ओढून नेतात आणि मध्ये हवेचा पातळ थर बसतो. थर किती जाड, याचे नॉक्स आणि स्वीनी यांनी १९७१ साली मांडलेले सूत्र आजही वापरात आहे. तो रोलरच्या त्रिज्येच्या प्रमाणात वाढतो आणि वेग भागिले टेन्शन याच्या दोन-तृतीयांश घाताने वाढतो. टेन्शन इथे रुंदीच्या दर मीटरला धरायचे, आमचे १०० न्यूटन प्रतिमीटर. ४० मिमी त्रिज्येच्या रोलरवर ६० मीटर वेगाला थर येतो सुमारे ४.३ मायक्रॉन. १५० ला जवळपास ७.९.

आता हा थर कशाशी ताडून पाहायचा? दोन्ही पृष्ठभागांच्या एकत्रित खडबडीतपणाशी. थर खडबडीतपणाएवढाच असेल तर उंचवटे एकमेकांना टेकलेले राहतात आणि पकड पूर्ण मिळते. थर तिप्पट झाला की फिल्म हवेवर तरंगते, पकड जवळजवळ शून्य. मधल्या पट्ट्यात पकड उतरत जाते. आमचा रोलर लेथवर टर्न केलेला, पॉलिश नव्हता. खडबडीतपणा अंदाजे ४ मायक्रॉन. म्हणजे ६० ला पकड जवळपास पुरी आणि १५० ला निम्मी. ५.३ न्यूटनचे उरले २.६.

म्हणून घसरण्याची तक्रार आली की माझा पहिला प्रश्न आता हाच असतो: कुठल्या वेगाला सुरू होते? वेग कमी केला की पूर्ण थांबत असेल तर हवा यात आहेच. रांगत्या वेगालाही घसरत असेल तर हवेला सोडा आणि लपेट, पृष्ठभाग किंवा बेअरिंग पाहा. फक्त वेग वाढवताना किंवा मशीन थांबवताना घसरत असेल तर रोलरचे वजन पाहा. पातळ नळीच्या रोलरला वेग द्यायला परिघावर लागणारा जोर म्हणजे त्याचे वस्तुमान गुणिले त्वरण. ८ किलोची नळी, सेकंदाला ०.३ मीटर प्रतिसेकंद एवढी वेगवाढ, म्हणजे २.४ न्यूटन तिथेच खर्च. लोखंडी आयडलरच्या जागी अल्युमिनियमचा घालतात तो यासाठी, दिसायला छान म्हणून नाही.

अडवणारा कोण

रोलर फिल्मपासून मोकळा केला, त्यावर बारीक पण मजबूत दोऱ्याचे चार वेढे दिले, टोकाला स्प्रिंग बॅलन्स लावला आणि सावकाश ओढला. सहावा रोलर ६० ग्रॅमवर फिरला. आठवा ७० वर. सातवा ३८० वर. म्हणजे ३.७ न्यूटन. फिल्म ६० च्या वेगाला ५.३ देऊ शकते, तेव्हा रोलर बिनबोभाट फिरतो. १५० ला २.६ देते, तेव्हा मागे पडतो. आठ महिन्यांचे कोडे या तीन आकड्यांत बसले.

आमच्या जुन्या फिटरकाकांना बोलावले. त्यांनी रोलर हाताने फिरवून पाहिला आणि अभिमानाने म्हणाले, "साहेब, आवाज ऐका, नाहीच. परवाच गन मारलीय, तोंडापर्यंत भरलंय ग्रीस." तेव्हा ट्यूब पेटली. मेंटेनन्सचे कार्ड आणि तक्रारींची वही शेजारी शेजारी ठेवली. ग्रीसिंगची प्रत्येक तारीख, आणि त्यानंतर एक-दोन दिवसांत ओरखड्यांची तक्रार. ग्रीस ठासून भरले की बॉल ते घुसळत बसतात आणि रोलर जड होतो. दोन-तीन दिवस चालल्यावर जादाचे ग्रीस बाजूला सरते, सीलमधून बाहेर येते आणि रोलर पुन्हा हलका होतो. नेमके तेच दोन-तीन दिवस आम्ही रोलर पुसण्यात घालवायचो, आणि श्रेय स्पिरिटला जायचे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. काकांचा दोष म्हणावा तर तोही नाही, कार्डावर लिहिलेले काम त्यांनी चोख केले होते. कार्डच चूक होते. हे कार्ड गिअरबॉक्सच्या बाजूच्या जड बेअरिंगवरून जसेच्या तसे उतरवलेले होते.

सगळ्याच रोलरना ग्रीस मिळत होते, मग सातवाच का? बाकीच्यांवर लपेट ४० अंशांच्या वर होती, ते तेवढा अडथळा सहज पचवत होते. शिवाय सातव्याच्या बेअरिंगला दोन्ही बाजूंनी अंगाला घासणारे रबरी सील होते. धूळ रोखायला ते उत्तम, पण फिल्मने फिरवायच्या हलक्या आयडलरला ते जड जातात.

केले ते असे. बेअरिंग बदलून पत्र्याच्या शील्डची, हलक्या ग्रीसची बसवली. ग्रीस भरायचे निपल बंद केले, म्हणजे गन लावायची सोयच ठेवली नाही. आणि आठव्या रोलरचा ब्रॅकेट खाली सरकवून सातव्यावरची लपेट १० वरून २५ अंश केली. तिन्हींत सर्वांत जास्त फायदा या शेवटच्या कामाने दिला. लपेट अडीचपट झाली, आणि फिल्म लावू शकते तो जोर ५.३ वरून जवळपास १४ न्यूटन झाला. हवेने निम्मा खाल्ला तरी ७ उरतात. खर्च दोन नवीन भोकांचा.

टेन्शन वाढवून टाकू का?

हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि थोडा वेळ उपयोगीही पडतो, कारण टेन्शनने पकड थेट वाढते आणि हवेचा थरही कमी होतो. दुप्पट टेन्शनला थर ६३ टक्क्यांवर येतो. पण पातळ पॉलिथिलीन दुप्पट टेन्शनला लांबते, रोल कडक बसतो, आतल्या थरांत सुरकुत्या दाबल्या जातात, आणि दोन दिवसांनी रोल उलगडला की वेगळीच तक्रार येते. आम्ही १२० चे १६० करून पाहिले होते. ओरखडे थोडे कमी झाले, पण रुंदी २ मिमीने भरली नाही. टेन्शन हे मालासाठी ठरवायचे, रोलरच्या दुखण्यासाठी नाही.

घसरणारा रोलर ड्राइव्हचा असेल तर

तिथे बेअरिंगचा प्रश्न नसतो, मोटर त्याला फिरवतेच. तिथे दोन बाजूंच्या टेन्शनचे गुणोत्तर पाहायचे. समजा आत १२० आणि बाहेर २०० न्यूटन, म्हणजे १.६७. लपेट १८० आणि गुणांक ०.२५ असला तर २.१९ पर्यंत सोय आहे, निर्धास्त. हवेने गुणांक निम्मा केला की मर्यादा १.४८ वर येते आणि रोलर फिल्मखाली नुसता फिरत राहतो. रिवाइंडचे (गुंडाळण्याच्या बाजूचे) टेन्शन मग अनवाइंडपर्यंत (उलगडण्याच्या बाजूपर्यंत) पोचते आणि टेन्शन मोजणाऱ्या लोडसेलचे आकडे नाचू लागतात. टेन्शन कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये दिवस घालवण्याआधी हा भागाकार करा.

उपाय म्हणजे निप (फिल्म रोलरवर दाबून धरणारा रबरी रोलर), किंवा हवेला वाट देणाऱ्या सर्पिल खाचा. खाचा असतील तर त्या धुळीने आणि चिकट मळाने बुजल्या नाहीत ना, ते बॅटरी तिरकी धरून बघा. बुजलेली खाच म्हणजे गुळगुळीत रोलर. निप असेल तर रबराकडे लक्ष द्या. उष्णता आणि सॉल्व्हंटने रबर कडक होते, वर काचेसारखी चकाकी येते. शोअर ए ड्युरोमीटर (रबराचा कडकपणा मोजायचे साधन) लावला की नव्या रोलरपेक्षा किती कडक झाले ते कळते. वरवर कडक झालेले रबर ग्राइंड करून खालचे ताजे काढता येते. जोरदार सॉल्व्हंटने पुसून चकाकी घालवायचा मोह टाळा, रबर फुगते आणि रोलरचा आकार बिघडतो. आणि निपचा दाब दोन्ही टोकांना सारखा आहे का, हे कार्बन पेपर आणि कागद निपमध्ये दाबून, ठसा पाहून ठरवा. गेजवरच्या दोन सारख्या आकड्यांवर विसंबू नका.

पुसल्यावर खरोखरच लगेच बरे होत असेल तर

तर तुमची केस आमच्यापेक्षा वेगळी आहे आणि बहुधा फिल्ममधल्या स्लिप अ‍ॅडिटिव्हची आहे. पॉलिथिलीनमध्ये एरुकामाइड किंवा ओलिअमाइड घालतात. ते आतून हळूहळू पृष्ठभागावर येते आणि फिल्म निसरडी होते. ताजी फिल्म आणि काही दिवस ठेवलेली फिल्म यांचा गुणांक त्यामुळे वेगळा येतो, एकाच बॅचचा माल असूनही. रोलरवर ते पांढुरक्या भुकटीसारखे साठते. काळ्या कापडाने कोरडा रोलर पुसून पाहा, कापडावर पांढरे आले तर तेच. वर सांगितलेली पट्टीची चाचणी पुसण्याआधी आणि पुसल्यानंतर अशी दोनदा करा. फरक आकड्यात दिसेल आणि रोलर किती रोलनंतर पुसायचा तेही त्यावरून ठरवता येईल.

दुरुस्तीनंतर आलेले नवीन दुखणे

सातवा रोलर नीट फिरायला लागला त्याच दिवशी त्याच्या अलीकडे फिल्मवर तिरप्या सुरकुत्या दिसू लागल्या. ऑपरेटर म्हणाला, "साहेब, जुनं होतं तेच बरं होतं, निदान सुरकुती नव्हती." त्याचे निरीक्षण अगदी खरे होते. फिल्मला पकड मिळाली की ती रोलरच्या अक्षाला काटकोनात येऊन बसायचा प्रयत्न करते. रोलर तिरका असेल तर फिल्मलाही तिरके जावे लागते, आणि त्या ओढाताणीतून तिरप्या सुरकुत्या उठतात. रोलर घसरत होता तोवर फिल्म त्याला जुमानतच नव्हती, म्हणून त्याचा तिरकेपणा आठ महिने झाकला गेला होता.

स्पिरिट लेव्हलने तो रोलर सरळच दाखवला. तिरका होता तो आडव्या पातळीत, आणि तिथे लेव्हल आंधळी असते. सहाव्या आणि सातव्या रोलरमधले अंतर दोन्ही टोकांना मोजले तेव्हा ऑपरेटरच्या बाजूला १ मिमी कमी निघाले. त्या ब्रॅकेटखालच्या शिमा (पातळ पत्र्याच्या चकत्या) बदलल्या, पुन्हा मोजले, फिल्म लावली. सुरकुत्या गेल्या. १५० ला सातव्याने ५९६ दाखवले. मेंटेनन्सच्या कार्डावर काकांनी "आयडलर, ग्रीस" ही ओळ खोडून शेजारी स्वतःच्या हाताने लिहिले: "दोरा लावून ओढणे. १०० ग्रॅमच्या वर गेल्यास बेअरिंग बदलणे."